ब्लूटूथ ड्रायव्हर: जुगाड चालेल की पक्की दुरुस्ती हवी?

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल लावलं, पण इअरबड्स काही कनेक्ट होत नाहीत. इंटरनेटवर एक कमांड सापडते. ती दिली की चालतं, रिस्टार्ट केलं की पुन्हा तेच. मग हा जुगाड पुरेसा आहे, की ड्रायव्हरच सुधारायला हवा?

ड्रायव्हर म्हणजे काय?

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आणि ड्रायव्हर म्हणजे कर्नल व चिप यांच्यातला दुभाषी. यूएसबी ब्लूटूथसाठी लिनक्समध्ये 'बीटीयूएसबी' हा ड्रायव्हर असतो.

नकली डोंगलचा किस्सा

सीएसआर, म्हणजे केंब्रिज सिलिकॉन रेडिओ, ही ब्रिटिश कंपनी २०१५ मध्ये क्वालकॉमने विकत घेतली. तिच्या डोंगलचा यूएसबी आयडी आहे ०ए१२:०००१. अनेक नकली डोंगल हाच आयडी सांगतात. तुम्ही कोलशेतला घरबसल्या मागवा नाहीतर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणा, पाकिटावरून असली-नकली ओळखणं कठीणच.

नकली चिप 'मला ही कमांड येते' असं सांगते आणि प्रत्यक्षात एरर देते. काही चिप तर एकदा सस्पेंड करून जागं केल्याशिवाय डेटाच पाठवत नाहीत! २०२० मध्ये यावरचा उपाय थेट बीटीयूएसबीमध्ये आला: नकली चिप ओळखायची, एकदा मुद्दाम झोपवायची आणि मग उठवायची.

मग वाद कशाचा?

एका बाजूचं म्हणणं: प्रत्येक नकली मालासाठी अपवाद लिहीत बसलो तर कोड वाढत जाणार, आणि एखादा अपवाद चुकून असली चिपला लागला तर चालू असलेलं बंद पडणार. दुसरी बाजू म्हणते: दोष चिपमध्येच आहे, ती काही बदलता येत नाही, मग वापरणाऱ्याने काय करायचं?

दोन्ही मुद्दे बरोबर आहेत. म्हणूनच हा ड्रायव्हर फक्त आयडी बघून थांबत नाही, चिपने सांगितलेले व्हर्जन नंबरही तपासतो आणि नकली चिप सापडली की लॉगमध्ये तसं लिहितो. जुगाड नेमका कुणासाठी आणि कशासाठी हे कोडमध्ये स्पष्ट असेल, तर तीच पक्की दुरुस्ती. कुठूनतरी कॉपी केलेली स्क्रिप्ट मात्र कारण न बघता सरसकट चालते, आणि पुढच्या अपडेटला बंद पडू शकते.

फोनमध्ये काय होतं?

२०१२ च्या अँड्रॉइड ४.२ पासून गूगलने लिनक्सचा ब्लूझी हा ब्लूटूथ स्टॅक सोडला. तेव्हापासून ब्लूटूथचं बरंचसं काम कर्नलबाहेर होतं. पण जुगाड तिथेही आहेतच. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डिसेबल अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम' बघा: हेडफोनचा आवाज नीट कमी-जास्त होत नसेल, तर त्यासाठी दिलेलं हे बटण.

तुम्ही काय कराल?

१. आधी कर्नल अपडेट करा. उपाय कदाचित आलेलाही असेल.
२. 'एलएसयूएसबी' कमांडने आयडी बघा, 'डीमेसेज'ने लॉग वाचा.
३. 'सुडो'ने सुरू होणारी कमांड समजल्याशिवाय चालवू नका. तिला पूर्ण सिस्टीमचे अधिकार मिळतात.
४. जुगाड चालला तरी तुमच्या डिस्ट्रोकडे बग नोंदवा. आयडी, कर्नल व्हर्जन आणि लॉग द्या. डेव्हलपरच्या हातात तुमचं डोंगल नसतं. तुम्ही कळवलं नाही, तर त्या चिपची अडचण त्यांच्यापर्यंत कदाचित पोहोचणारच नाही.