विस्कॉन्सिन कायदा १० आणि २०११ चे आंदोलन

विस्कॉन्सिन कायदा १० (ॲक्ट टेन) हा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने मार्च २०११ मध्ये संमत केलेला कायदा होय. या कायद्याने राज्यातील बहुतेक सरकारी कर्मचाऱ्यांचा सामूहिक सौद्याचा हक्क, म्हणजेच संघटनेमार्फत वाटाघाटी करून वेतन व सेवाशर्तींचा करार करण्याचा हक्क, जवळजवळ संपुष्टात आणला. त्याविरुद्ध राजधानी मॅडिसन येथे फेब्रुवारी व मार्च २०११ मध्ये प्रचंड आंदोलन झाले. आंदोलकांना कायदा रोखता आला नाही. मात्र त्या संघर्षाचे पडसाद राज्याच्या शाळांत, निवडणुकांत आणि न्यायालयांत त्यानंतरही दीर्घकाळ उमटत राहिले.

पार्श्वभूमी

सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांच्या इतिहासात विस्कॉन्सिनला आद्यत्वाचा मान आहे. पुढे देशभर पसरलेल्या 'आफ्स्मी' या सरकारी कर्मचाऱ्यांच्या महासंघाचे मूळ १९३२ साली मॅडिसनमध्ये स्थापन झालेल्या संघटनेत आहे. स्थानिक संस्थांच्या कर्मचाऱ्यांना सामूहिक सौद्याचा हक्क कायद्याने देणारे हे अमेरिकेतील पहिले राज्य. हा कायदा १९५९ चा. शिक्षकांना संपाचा अधिकार मात्र नव्हता. १९७४ मध्ये हॉर्टनव्हिल या लहानशा गावातील ८४ शिक्षकांना संप केल्याबद्दल नोकरीवरून काढण्यात आले आणि १९७६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही ती कारवाई वैध ठरवली. त्यानंतर लवकरच राज्याने संपाऐवजी लवादाची व्यवस्था आणली. तेव्हा २०११ मध्ये जे गेले, ते असे अर्धशतकभर झगडून मिळवलेले होते.

नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाचे स्कॉट वॉकर राज्यपाल झाले आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहेही त्याच पक्षाकडे आली. (अमेरिकेतील राज्याचा राज्यपाल थेट निवडून येणारा कार्यकारी प्रमुख असतो. अधिकारांच्या दृष्टीने त्याची तुलना आपल्याकडील मुख्यमंत्र्याशी करणे अधिक योग्य.) पुढील दोन वर्षांच्या अर्थसंकल्पात सुमारे ३६० कोटी डॉलरची तूट अपेक्षित होती. ती भरून काढण्याचा उपाय म्हणून वॉकर यांनी ११ फेब्रुवारी २०११ रोजी हे विधेयक जाहीर केले.

तरतुदी

कर्मचाऱ्यांनी निवृत्तिवेतन निधीतील वर्गणीचा निम्मा वाटा, म्हणजे वेतनाच्या सुमारे ५.८ टक्के रक्कम, आणि आरोग्यविम्याच्या हप्त्याचा किमान १२.६ टक्के भाग स्वतः भरावा, ही विधेयकातील आर्थिक बाजू होती. संघटनांच्या नेत्यांनी आंदोलनाच्या पहिल्याच आठवड्यात ती मान्य करण्याची तयारी दाखवली होती. यावरून वाद मुख्यतः पैशांचा नव्हता हे स्पष्ट होते.

खरा वाद उरलेल्या कलमांचा होता. यापुढे वाटाघाटी केवळ मूळ वेतनावर करता येणार होत्या आणि तेथेही वाढ महागाईच्या दराच्या मर्यादेत राहणार होती. त्याहून अधिक वाढ द्यायची तर सार्वमत घ्यावे लागणार होते. कामाचे तास, रजा, वर्गातील विद्यार्थिसंख्या, बदल्या हे विषय वाटाघाटींतून वगळण्यात आले. संघटनेची वर्गणी पगारातून कापणे बंद झाले. शिवाय दरवर्षी मतदान घेऊन संघटनेने आपली मान्यता पुन्हा सिद्ध करायची होती. त्यासाठी झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर त्या गटातील एकूण कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के मते आवश्यक होती. जो मत देणार नाही, तो विरोधात धरला जाणार होता. इतकी कडक अट लोकनियुक्त पदांना लावली असती, तर अनेक पदे रिकामीच राहिली असती, हा विरोधकांचा आक्षेप बिनतोड म्हणावा लागेल.

पोलीस आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी यांना कायद्यातून वगळण्यात आले. हा भेदभाव पुढे न्यायालयात कळीचा मुद्दा ठरला.

आंदोलन

१४ फेब्रुवारी रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठातील विद्यार्थी व अध्यापन-साहाय्यक मोर्चाने विधानभवनात गेले. दोन दिवसांत हजारो शिक्षक रस्त्यावर आले आणि मॅडिसनमधील शाळा चार दिवस बंद राहिल्या. आंदोलकांनी विधानभवनातच मुक्काम ठोकला. कायद्यातून वगळलेले अग्निशमन दलाचे जवानही पाठिंबा देण्यासाठी आले. शनिवारच्या सभांची गर्दी वाढत जाऊन अखेरच्या टप्प्यात ती एक लाखापर्यंत गेल्याचे अंदाज आहेत.

दरम्यान विधिमंडळात एक अनोखा पेच निर्माण झाला. सिनेटच्या ३३ सदस्यांपैकी २० जण हजर असल्याखेरीज आर्थिक विधेयकावर मतदान घेता येत नव्हते आणि रिपब्लिकन सदस्य होते १९. १७ फेब्रुवारी रोजी डेमोक्रॅटिक पक्षाचे सर्व १४ सिनेटर शेजारच्या इलिनॉय राज्यात निघून गेले. ही कोंडी तीन आठवडे टिकली. अखेर ९ मार्च रोजी विधेयकातील आर्थिक भाग वेगळा काढून उरलेला भाग १८ विरुद्ध १ मतांनी संमत करण्यात आला. दुसऱ्या दिवशी कनिष्ठ सभागृहाने ५३ विरुद्ध ४२ मतांनी त्याला मान्यता दिली आणि ११ मार्चला वॉकर यांची स्वाक्षरी झाली. तूट भरून काढण्यासाठी आणलेले विधेयक आर्थिक भाग वगळून संमत व्हावे, हा त्यातील विरोधाभास टीकाकारांनी वारंवार दाखवून दिला.

सभेची पुरेशी पूर्वसूचना दिली नाही या कारणावरून न्यायाधीश मेरीॲन सुमी यांनी कायदा रद्दबातल ठरवला. परंतु राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी तो निर्णय फिरवला.

लोकप्रतिनिधींना परत बोलावण्याची मोहीम

आंदोलनाची शक्ती यानंतर मतपेटीकडे वळली. २०११ च्या उन्हाळ्यात दोन्ही पक्षांच्या मिळून नऊ सिनेटरना परत बोलावण्यासाठी निवडणुका झाल्या. त्यांत दोन रिपब्लिकन सिनेटर पराभूत झाले, पण बहुमत टिकले. राज्यपालांविरुद्धच्या अर्जावर नऊ लाखांहून अधिक वैध सह्या जमल्या. ५ जून २०१२ रोजी झालेल्या निवडणुकीत मात्र वॉकर यांनी मिलवॉकीचे महापौर टॉम बॅरेट यांचा सुमारे ५३ विरुद्ध ४६ टक्क्यांनी पराभव केला. अशा निवडणुकीत पद टिकवणारे ते अमेरिकेतील पहिले राज्यपाल. गैरवर्तनाखेरीज अन्य कारणाने कोणालाही परत बोलावू नये, असे मत बहुसंख्य मतदारांनी मतदानोत्तर चाचणीत नोंदवले होते.

दूरगामी परिणाम

संघटनांची पीछेहाट झपाट्याने झाली. २०१० मध्ये राज्यातील १४.२ टक्के कामगार संघटनांचे सभासद होते. हे प्रमाण पुढील दहा-बारा वर्षांत निम्म्याच्या आसपास आले. वर्गणी दरमहा आपोआप जमा होणे थांबल्याने आणि करार करण्याची ताकदच न उरल्याने सभासद राहण्याचे कारण अनेकांना पटेना. काही संघटनांनी तर वार्षिक मतदानाच्या वाटेला जाणेच सोडून दिले.

शाळांवरील परिणाम अधिक गुंतागुंतीचा आहे. २०११ मध्ये निवृत्ती घेणाऱ्या शिक्षकांची संख्या एकाएकी वाढली आणि अनुभवी मंडळी एकदमच बाहेर पडली. सेवाज्येष्ठतेवर आधारलेली वेतनश्रेणी ठेवायची की शिक्षकागणिक वेतन ठरवायचे, याची मुभा शाळा-जिल्ह्यांना मिळाली. अर्थशास्त्रज्ञ बार्बरा बियासी यांच्या अभ्यासानुसार वैयक्तिक वेतन देणाऱ्या जिल्ह्यांकडे अधिक परिणामकारक शिक्षक वळले. कायद्याचे समर्थक हाच दाखला देतात. परंतु बियासी आणि हेदर सार्सन्स यांच्याच दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की, वेतन व्यक्तिगत वाटाघाटींवर ठरू लागताच सारखी पात्रता असलेल्या स्त्री व पुरुष शिक्षकांच्या पगारात पूर्वी नसलेली तफावत निर्माण झाली. जेथे मुख्याध्यापक वा प्रशासन प्रमुख स्त्री होती, तेथे ती दिसली नाही. ज्येष्ठतेची यादी कंटाळवाणी खरी, पण ती सर्वांना सारखी लागू होत असे.

राजकारणात या संघर्षाने शहर आणि खेडे यांतील दरी उघड केली. राजकीय अभ्यासक कॅथरीन क्रेमर यांनी ग्रामीण विस्कॉन्सिनमधील गप्पांचे अड्डे वर्षानुवर्षे ऐकून २०१६ मध्ये ग्रंथ लिहिला. आपल्या करांवर मॅडिसन व मिलवॉकी पोसली जातात आणि सरकारी नोकरांना आपल्याहून चांगले विमा व निवृत्तिवेतन मिळते, ही भावना तेथे आंदोलनापूर्वीच रुजलेली होती. २०१५ मध्ये वॉकर यांनी खाजगी क्षेत्रातील संघटनांची सक्तीची वर्गणीही कायद्याने बंद केली. २०१८ मध्ये त्यांचा अल्प मतांनी पराभव करणारे टोनी एव्हर्स हे राज्याचे शिक्षणप्रमुख आणि मूळचे शिक्षक होते. मात्र विधिमंडळ विरोधी पक्षाकडे राहिल्याने त्यांना कायदा बदलता आला नाही.

ओहायो राज्यात २०११ मध्येच असा कायदा झाला होता. त्यात पोलीस व अग्निशमन दलाचाही समावेश होता. नोव्हेंबरमधील सार्वमतात तो सुमारे ६१ टक्के मतांनी फेटाळला गेला. आयोवाने २०१७ मध्ये केलेल्या कायद्यात मात्र विस्कॉन्सिनचा कित्ता गिरवला.

न्यायालयीन स्थिती

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कायदा घटनात्मक ठरवला. त्यानंतर २ डिसेंबर २०२४ रोजी डेन जिल्ह्याचे न्यायाधीश जेकब फ्रॉस्ट यांनी, काही कर्मचाऱ्यांना वगळण्यात समानतेच्या तत्त्वाचा भंग होतो, या कारणाने त्यातील बहुतेक तरतुदी रद्द केल्या. अपिलामुळे या निकालाची अंमलबजावणी स्थगित झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींपैकी ब्रायन हॅगेडॉर्न यांनी वॉकर यांचे विधी सल्लागार म्हणून या कायद्याच्या मसुद्यात भाग घेतला होता, तर जॅनेट प्रोटासेविच २०११ च्या मोर्चात चालल्या होत्या. २०२५ मध्ये निवडून आलेल्या सुझन क्रॉफर्ड यांनी पूर्वी मॅडिसनच्या शिक्षक संघटनेची बाजू न्यायालयात मांडली होती. हॅगेडॉर्न यांनी जानेवारी २०२५ मध्ये या प्रकरणातून अंग काढून घेतले.