लाईट आली की मोटार

आमच्या गिरडच्या शिवारात विजेला ‘लाईट’ म्हणतात आणि विहिरीवरच्या पंपाला ‘मोटार’. (काही जण ‘लाईन’ म्हणतात, तेच खरे तर जास्त बरोबर.) त्यामुळे उजेड पडताच मोटार सुरू करणारे एक सर्किट मी हौसेने जुळवले, तेव्हा पाहणाऱ्यांना त्याचे नवल वाटले नाही. लाईट आली की मोटार सुरू, हे तर आमच्या विहिरीवर आहेच, असे त्यांचे म्हणणे. रोख होता ऑटो स्विचकडे.

माझे सर्किट साधेच. एक एलडीआर, म्हणजे उजेडात ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा छोटासा तुकडा. एक ट्रान्झिस्टर, एक रिले आणि जुन्या टेपरेकॉर्डरची मोटार. एलडीआरमधून वाहणारा प्रवाह इतका क्षीण असतो, की त्यावर मोटार फिरणार नाही. तो फक्त ट्रान्झिस्टरला जागे करतो. ट्रान्झिस्टर रिलेला प्रवाह देतो, आणि रिले ‘टक्’ करून मोटारीचा वेगळा मार्ग जोडतो. हुकूम एकाचा, ताकद दुसऱ्याची.

या युक्तीचे मूळ समुद्राखालच्या तारांमध्ये आहे. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन तार समुद्रात टाकली. अशा तारांच्या कामातले विद्युततज्ज्ञ विलोबी स्मिथ यांना चाचणीसाठी फार मोठा विद्युतरोध हवा होता. त्यांनी सेलेनियमच्या कांड्या वापरल्या, पण मोजमाप काही केल्या स्थिर राहीना. पेटीचे झाकण उघडले की रोध कमी, मिटले की जास्त! फेब्रुवारी १८७३ मध्ये त्यांनी हे जाहीर केले. पुढे १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅमंड आणि मीस्नर यांनी सेलेनियमचे दोन डोळे असलेली चाकांची पेटी केली. दिवा दाखवला की ती मागे मागे येई. तिला ‘विजेचा कुत्रा’ म्हणत.

मला सतावले ते ढगांनी. उजेड काठावर असला की रिले नुसता टकटक करत बसतो. एक कपॅसिटर लावून त्याचा निर्णय चार-सहा सेकंद लांबवला, तेव्हा कुठे तो शांत झाला.

ऑटो स्विचलाही अशीच उसंत हवी. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. सापाकिरड्यांच्या वाटेने मध्यरात्री बटण दाबायला जाण्यापेक्षा स्विच लावलेला बरा. शेतकऱ्याला नावे ठेवणाऱ्याने आधी एक रात्र हरभऱ्याला पाणी देऊन पाहावे. पण वीज येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम सुटतात, आणि सुरू होताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. डीपी जळते आणि ऐन हंगामात ओलित थांबते. म्हणून महावितरण ऑटो स्विच काढायला सांगते. मला वाटते, काढण्यापेक्षा वेळा वाटून घ्याव्यात: एकाची मोटार एक मिनिटाने, दुसऱ्याची दोन मिनिटांनी. टायमर बाजारात मिळतो. मात्र कुणाची मोटार आधी, हे धुऱ्याला धुरा लागलेल्या शेजाऱ्यांनी बसून ठरवायचे असते, आणि ते काम सर्किटापेक्षा अवघड आहे.

आता सौर पंप आले आहेत. १८८३ साली चार्ल्स फ्रिट्स यांनी न्यूयॉर्कमध्ये सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर चढवून उजेडातून थोडीशी वीज मिळवली होती; आजच्या पॅनेलमध्ये सिलिकॉन असते. इथे हुकूमही उन्हाचा आणि ताकदही उन्हाचीच. ढग आला की पाण्याची धार बारीक होते, ऊन पडले की पुन्हा भरते, आणि दिवस मावळला की मोटार आपोआप बंद.