रफीसा धरण व परिसर, खोर फक्कान
संयुक्त अरब अमिरातींपैकी शारजाच्या अखत्यारीतील जलाशय आणि सहलीचे ठिकाण. ओमानच्या आखातावरील खोर फक्कान शहराजवळ, हजर पर्वतरांगेतील वादी शी या खोऱ्यात पावसाचे पाणी अडवून तो तयार झाला. शारजा–खोर फक्कान महामार्ग 2019 मध्ये खुला झाला. पाच बोगद्यांच्या या रस्त्यामुळे येथे येणे सोपे झाले.

भोवतालचे डोंगर उघडे, काळपट-तपकिरी आहेत. हा खडक मुळात प्राचीन सागरतळाचा. भूकवचाच्या हालचालींनी तो वर उचलला गेला. सह्याद्रीसारखी गर्द झाडी येथे नाही. बाभळीच्या कुळातील समर आणि बोरीच्या जातीचे सिद्र ही झाडे विरळ दिसतात, आणि म्हणूनच हिरवट पाण्याचा हा विस्तार विशेष सुखावतो. काठावर विश्रांतिस्थळ, मुलांसाठी खेळण्याची जागा व नौकाविहाराची सोय आहे. लहान मुलांसह चालण्यास काठालगतची वाट उत्तम. डोंगरातील खडकाळ वाटा सरावलेल्यांसाठीच योग्य. नोव्हेंबर ते मार्च हा काळ अनुकूल असतो. पावसात खोऱ्यात अचानक लोंढा येतो. अशा वेळी दऱ्या व धरणांजवळ जमण्यास कायद्याने बंदी आहे. सहलीपूर्वी हवामानाचा अंदाज अवश्य पाहावा.