केंद्रापसारी बल आणि वऱ्हाडची इमादशाही

बहमनी सत्तेच्या विघटनाची मीमांसा करताना ‘केंद्रापसारी प्रवृत्ती’ हा शब्दप्रयोग सर्रास योजला जातो. भौतिकशास्त्रात मात्र हे बल आभासी होय; फिरत्या चौकटीतील निरीक्षकालाच ते जाणवते. दोरी तुटताच दगड बाहेर ढकलला जात नाही, स्पर्शरेषेने सरळ जातो. महमूद गावानने वऱ्हाडच्या गाविल व माहूर अशा दोन तरफा केल्या. १४८१ मध्ये त्याचाच वध झाला. गाविलचा तरफदार फतहुल्ला इमादुल्मुल्क १४९० मध्ये एलिचपुरास स्वतंत्र झाला, म्हणजे बव्हंशी पूर्वीचाच कारभार करीत राहिला. बंड दिसले ते बीदरहून! रूपकासोबत त्याचा निरीक्षकही उसना येतो, याकडे आपल्या इतिहासमीमांसेचे दुर्लक्ष झाले आहे. इमादशाहीचा १५७४ मधील अंत मात्र या रूपकात मुळीच बसत नाही. तुफालखानाने आधीच सत्ता बळकावली होती आणि निजामशाही फौज नरनाळ्याला भिडली होती.