बोंबील, बटाटा आणि बिनआवाजी शेगडी

आमच्या घरात दोन गोष्टी मला कधी उमगल्या नाहीत. एक माझं इतिहासाचं पुस्तक आणि दुसरा आईचा पितळी स्टोव्ह. पुस्तक निदान गप्प बसायचं. स्टोव्ह पेटला की गिरगावातल्या आमच्या चाळीच्या तिन्ही मजल्यांना कळायचं, की यांच्याकडे आज स्वयंपाक आहे. आणि त्या फर्रर्र आवाजापाठोपाठ वास सुटला की हेही कळायचं, की आज सुके बोंबील आहेत.

हा स्टोव्ह मूळचा स्वीडनचा. १८९२ साली स्टॉकहोमच्या लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थाने तो काढला. त्याचं नाव प्रायमस. वात नाही, काजळी नाही, पंप मारायचा आणि रॉकेलच्या वाफेची निळी ज्योत घ्यायची. १९११ साली अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा त्याच्याबरोबर प्रायमसच होता. बर्फाच्या वादळात तो पेटला याचं जगाला कौतुक. मला नाही. ज्याने आमच्या आईला काकडा, पिन आणि पंप घेऊन त्या स्टोव्हशी रोज संध्याकाळी झुंजताना पाहिलंय, त्याला ध्रुव ही काही फार अवघड जागा वाटत नाही.

तर अशा स्टोव्हवर १९७२-७३ साली आमच्याकडे आठवड्यातून दोनदा सुक्या बोंबलाचं कालवण व्हायचं. दुष्काळाची वर्षं. रेशनवर मिळेल ते धान्य घ्यायचं, आणि १९७३च्या अखेरीस अरबांनी तेल आवळल्यावर रॉकेलच्या रांगेत डबा ठेवून आपण गोट्या खेळायला जायचं, असा आमचा काळ. ओली मासळी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. नंतर फळीवरच्या डब्यातले बोंबील. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर भरून ठेवलेले.

कृती सांगतो, कारण तिला खर्च नाही. बोंबलाची डोकी, शेपट्या, पर कात्रीने काढायचे. एकेकाचे तीन तुकडे. तव्यावर जरासे शेकून कोमट पाण्यात टाकायचे. पातेल्यात दोन चमचे तेल, त्यात ठेचलेला लसूण, कांदा, हळद, मसाला. मग वांग्याच्या आणि बटाट्याच्या फोडी आणि हात आखडून नव्हे, चांगलं तांब्याभर पाणी. बटाटा अर्धा शिजला की बोंबील सोडायचे, शेवटी दोन आमसुलं. स्टोव्ह बंद केला की चाळीत एकदम शांतता पसरायची आणि त्या शांततेत शेजारचे काका म्हणायचे, "झालं वाटतं वहिनींचं!"

आता हे आमचं अस्सल पिढीजात कालवण. पण त्याची जात विचारायला गेलं तर पंचाईत. वांगं इथलं, आमसूल कोकणातलं, इथपर्यंत ठीक. पण मिरची अमेरिकेतली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आली. त्याआधी आपल्या पूर्वजांचा ठसका निघायचा तो मिऱ्यांच्या जिवावर. बटाटाही दक्षिण अमेरिकेतलाच. पोर्तुगीजांनी येताना त्याचं नावही बरोबर आणलं आणि आपण दोन्ही ठेवून घेतलं. म्हणजे देवगिरीच्या यादवांच्या मुदपाकखान्यात सगळं होतं, फक्त आमचं कालवण होणं शक्य नव्हतं.

राहिला बोंबील. तो मात्र मुंबईचा. ओला असताना नुसतं पाणी. कोळणी दोघादोघांचे जबडे एकमेकांत अडकवून त्याला बांबूच्या वलांडीवर टांगतात आणि ऊन त्याचं लाकूड करतं. साहेबाने त्याला 'बॉम्बे डक' नाव दिलं. आगगाडीच्या डाकेला त्याचा वास यायचा म्हणून डाकेचं डक झालं, ही गोष्ट फार रंगवून सांगतात. पण १८२९च्या एका इंग्रजी पुस्तकातच त्याला 'डक' म्हटलेलं आहे आणि आपल्याकडे गाडी धावली १८५३ साली. गाडीच्या आधी वास पोचावा एवढं सामर्थ्य बोंबलात आहे, हे मला मान्य आहे. पण चोवीस वर्षं आधी?

पुढे १९९७ साली युरोपवाल्यांनी नियम काढला, की भारतातली मासळी मान्यताप्राप्त कारखान्यातूनच यावी. वलांडीला कोण मान्यता देणार? विलायतेतल्या बोंबीलभक्तांनी चळवळ केली. शेवटी बोंबील उन्हात वाळवावा, पण त्याची बांधणी मान्य जागेत व्हावी, अशी तडजोड झाली. आमच्या चाळीने मात्र त्याला कधीच हरकत घेतली नाही.

हा सगळा इतिहास मी फार पुढे वाचला. पण त्यात एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं. बोंबलात बटाटा का?

लहानपणी मला तो अन्याय वाटायचा. चमचा घालावा तर बटाटाच वर यायचा. पाहुणा आला की आणखी एक बटाटा पडायचा. दोन पाहुणे, दोन बटाटे. बोंबील तेवढेच. मी एकदा म्हणालोसुद्धा, "आई, हे बटाट्याचं कालवण आहे, बोंबील नुसते पोहून गेलेत." सगळे हसले. आईही हसली.

गॅस मुंबईत १९५५ सालीच आला होता, बर्मा-शेलचा. आमच्याकडे यायला त्याला आणखी सत्तावीस वर्षं लागली. परवा त्या बिनआवाजी गॅसवर मी स्वतः हे कालवण करत होतो. तुकडे करता करता सवयीने मोजले. सहा बोंबील, अठरा तुकडे. अण्णांना चार. आजीला दात नव्हते, म्हणून मऊ बघून दोन. आम्ही चार भावंडं, प्रत्येकी तीन, म्हणजे बारा. चार, दोन आणि बारा, अठरा. हिशेब चोख जमला. मी पुन्हा मोजलं. पुन्हा अठराच.

आई सगळ्यांच्या मागून जेवायची. "तुला गं?" असं कुणी विचारलंच, तर म्हणायची, "मला बाई बटाटाच आवडतो. सगळी चव त्यातच उतरते." आणि आम्ही ती साक्ष पन्नास वर्षं पुराव्याशिवाय मान्य केली.

त्या रात्री मी वाढून घेताना बोंबील बाजूला सारले आणि नुसता बटाटा, रस्सा आणि भात घेतला. बायको म्हणाली, "अहो, तुकडे नकोत?"

म्हटलं, "थांब, एक गोष्ट तपासतोय."

चव उतरली होती. अगदी सगळी नाही, पण बरीचशी.