स्वच्छ, शुद्ध, घरगुती : दादरच्या पाट्यांचा इतिहास

दादरला चांगले काय कुठे मिळते, हे सांगायला दादरकराला विचार करावा लागत नाही. मिसळ कुठली, पियूष कुठले, मासे कुठे खावेत, पुस्तके कुठून घ्यावीत, गणपतीची मखरे कुठल्या गल्लीत शोधावीत, याची यादी त्याच्या जिभेवर असते. या यादीवरून दोन शेजाऱ्यांत वादही होतात, पण वाद होतो तो चवीचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हाच प्रश्न कोणी विचारला असता, तर चवीचा मुद्दा पुष्कळ मागे राहिला असता. ‘चांगले कुठे मिळते?’ याआधी ‘कोणाच्या हातचे आहे?’ हे विचारले गेले असते. आणि एका मोठ्या वर्गाला तर त्याच्याही आधी ‘मला आत येऊ देतील का?’ हे विचारावे लागले असते.

हॉटेलांच्या आणि दुकानांच्या पाट्यांवर पुन्हा पुन्हा येणारे तीन शब्द आहेत : स्वच्छ, शुद्ध आणि घरगुती. ते जाहिरातीचे शब्द आहेत म्हणून आपण त्यांच्याकडे फारसे लक्ष देत नाही. परंतु पोटात भूक आणि मनात संकोच घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला दुकानदाराने दिलेली ती उत्तरे आहेत. दादरसारख्या एका वस्तीपुरता विचार केला, तरी या तीन शब्दांमधून मुंबईच्या सामाजिक इतिहासाचा बराच मोठा तुकडा हाती लागतो.

हातचे आणि बाहेरचे

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमधील चहाचे प्रकरण घडले. मिशनरींच्या कार्यक्रमात चहापानाला हजर राहिल्याबद्दल न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांना ग्रामण्याला तोंड द्यावे लागले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ताची चर्चा पुढे बराच काळ चालली. एक कप चहा पुण्यातील विद्वानांना एवढा महाग पडत असेल, तर सामान्य पांढरपेशा माणसाने परक्याच्या हातचे खाताना किती वेळा मागे वळून पाहिले असेल, याची कल्पना करता येते.

मुंबईत डबे पोहोचवण्याच्या धंद्याची सुरुवातही परंपरेने १८९० सालीच सांगितली जाते. महादेव हावजी बच्चे यांचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. दोन्ही घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही, मात्र त्यांच्या मुळाशी असलेली मनःस्थिती एकच आहे. कचेरी घरापासून लांब गेली, तरी जेवण घरच्याच हातचे हवे होते. माणसाला घरी परतणे शक्य नव्हते, म्हणून घरचे ताटच त्याच्यामागे रेल्वेने पाठवण्याची सोय झाली. डबेवाल्यांच्या अचूकपणाचे कौतुक आज जगभर होते. ती अचूकता इतकी आवश्यक का होती, याचे एक उत्तर या ‘हातच्या’ आग्रहात आहे. दुसऱ्याचा डबा चुकून आला तर प्रश्न फक्त आवडीनिवडीचा नसे.

गिरणीकामगारांपुढचा पेच वेगळा होता. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत कोकणातून व घाटावरून माणसांची रीघ लागली. बहुतेक पुरुष एकटे आले. बायकोमुले गावी राहिली. त्यांच्यासाठी परळ-लालबागपासून दादरपर्यंत खानावळी उभ्या राहिल्या. त्यांवर पाटी नसे. चाळीतल्या एखाद्या खोलीत एखादी बाई आपल्या गावच्या, आपल्या जातीच्या दहा-वीस जणांना जेवू घाली. महिन्याचा हिशेब, खाड्याचे पैसे वजा आणि भाकरीचा आकार गावाकडचा. जाहिरात करण्याची गरज नव्हती, कारण गिऱ्हाईक आणि बाई यांची ओळख गावातूनच आलेली असे.

‘स्वच्छ’ शब्दाचा उदय

आजच्या दादरचा चेहरामोहरा घडला तो प्लेगमुळे. १८९६ च्या साथीनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि दाटीवाटीच्या जुन्या मुंबईतून लोकांना उत्तरेकडे हलवण्यासाठी दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जागेवर आखीव वसाहती उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी ही त्याची ठळक उदाहरणे. पश्चिमेला शिवाजी पार्कचे मैदान १९२५ मध्ये खुले झाले. दोन्ही रेल्वेमार्गांचे स्थानक एकाच ठिकाणी असल्याने दादर हे उतरण्याचे, गाडी बदलण्याचे आणि म्हणूनच थांबून काहीतरी खाण्याचे ठिकाण झाले. गिरगावातला मराठी मध्यमवर्ग हळूहळू इकडे सरकला आणि त्याच्या मागोमाग त्याची दुकाने, वाचनालये, नाटकमंडळ्या आणि फराळाच्या सवयीही आल्या.

मामा काणे यांचे ‘स्वच्छ उपाहारगृह’ स्टेशनलगत सुरू झाले ते १९१० साली, म्हणजे या स्थलांतराच्या अगदी प्रारंभी. बटाटेवड्यासाठी ते पिढ्यान् पिढ्या ओळखले गेले. पण इथे लक्ष द्यायचे ते नावातल्या पहिल्या शब्दाकडे. प्लेगच्या आठवणी ताज्या असलेल्या शहरात ‘स्वच्छ’ म्हणजे उंदीर, माश्या आणि घाण नसलेले, हा अर्थ उघडच होता. त्याच वेळी सोवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या गिऱ्हाइकाला त्या शब्दातून आणखी काही ऐकू येत असणार : स्वयंपाक करणारे हात आपल्याला चालतील असे आहेत. त्या काळात ‘ब्राह्मणांचे’ हे विशेषण हॉटेलांच्या आणि खानावळींच्या नावात सर्रास दिसे. ‘स्वच्छ’ शब्दाने ती जुनी खात्री नव्या आरोग्यविज्ञानाच्या भाषेत दिली. आजोबांना त्यात सोवळे दिसले, नातवाला जंतुनाशक. दोघेही एकाच बाकावर बसून वडा खाऊ शकले, हे त्या शब्दाचे यश.

दाराबाहेरचे गिऱ्हाईक

या यशाची दुसरी बाजू आहे आणि स्मरणरंजनाच्या ओघात तिचा उल्लेख राहून जातो. ज्यांना त्या बाकावर बसताच येत नव्हते, त्यांच्यासाठी ‘स्वच्छ’ या शब्दाचा अर्थ काय होता?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. जात लपवून ते एका पारशी विश्रांतीगृहात उतरले आणि ओळख उघड झाल्यावर त्यांना तिथून हुसकावण्यात आले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. हेच बाबासाहेब पुढे दादरकर झाले. हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ हे १९३० च्या दशकात त्यांनी पुस्तकांसाठी बांधलेले घर. महाराष्ट्रभर ज्या काळात चहाच्या दुकानांतून अस्पृश्यांचे कप वेगळे ठेवले जात, त्या काळात राज्यघटनेचा भावी शिल्पकार या आखीव, स्वच्छ वसाहतीत राहत होता.

मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये संमत झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे तत्त्व मान्य झाले. तो केवळ ठराव होता, अंमलबजावणी क्वचितच झाली. महाडचा सत्याग्रह त्यातूनच उभा राहिला. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडाकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे तो सांगतो. घटनेच्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाचा असा नाव घेऊन उल्लेख यावा लागला, यावरूनच उपाहारगृहाचे दार किती जड होते ते कळते. १९५५ च्या कायद्याने असा अटकाव शिक्षापात्र ठरला.

कायद्याच्या आधी काही दारे व्यवहारानेच सैल केली होती. नाक्यावरच्या इराण्याकडे कोण बसले आहे याची चौकशी होत नसे. चहाचे पैसे टाकले की संगमरवरी टेबलापुढची खुर्ची आपली. नाक्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानून टाळत आणि ती इराण्यांना मिळे, असे नेहमी सांगितले जाते. कारण काहीही असो, परिणाम मोठा झाला. दादरच्या सीमेवर माटुंग्यात उडुपी पद्धतीची उपाहारगृहे रुजली. ए. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. केळीच्या पानावरचे ते जेवण मूळच्या दक्षिणी वस्तीसाठी होते, पण लवकरच सगळ्या मुंबईने आपलेसे केले.

कागदावरचा वडा

दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी वडापाव विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. वडा आधीपासून होता, पावही होता. बटाटा आणि पाव या दोन्ही गोष्टी पोर्तुगिजांच्या वाटेने आपल्याकडे आल्या. नवे होते ते त्यांचे एकत्र येणे. त्याला ताट, पेला, बाक, काहीच लागत नाही. शिवाशिवीचा सारा व्यवहार भांड्यांभोवती फिरत आलेला होता. कोणाचा कप कुठे ठेवायचा, तो विसळायचा कोणी, कोण कोणाच्या पंगतीला बसणार. वडापाव कागदात गुंडाळून हातात येतो आणि उभ्याउभ्या संपतो. ज्या प्रश्नावर घटनासमितीला कलम लिहावे लागले, तो प्रश्न या गाडीपुढे उद्भवतच नाही.

अर्थात गाडीपुढेही राजकारण होतेच. त्याच वर्षी शिवसेना स्थापन झाली. मराठी तरुणांनी नोकरीची वाट न पाहता गाड्या लावाव्यात, या प्रचारात वडापावला मानाचे स्थान मिळाले. दुसरीकडे, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात दाक्षिणात्यांविरुद्धच्या मोहिमेत उडुपी हॉटेले लक्ष्य झाली. जातीचे दार सैल होत असताना प्रांताचे दार आवळले जात होते.

घरगुती म्हणजे कोणाचे घर?

आता तिसरा शब्द. ‘घरगुती’ पाटीमागे ज्या बाया उभ्या होत्या, त्यांचा हिशेब इतिहासात फार थोड्यांनी मांडला. खानावळवालीला गिऱ्हाइकाकडून पैसे मिळत ते पगार झाल्यावर, वाणी मात्र महिनाभर थांबत नसे. मधली पोकळी सावकाराकडून भरावी लागे आणि त्यापायी दागिनेही गहाण पडत. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या अशा स्त्रियांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. चूल ही धंद्याची जागा आहे आणि तिला भांडवल लागते, ही गोष्ट बँकेने प्रथमच मान्य केली.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. खानावळवालीच्या बाजूने पाहिले, तर याचा अर्थ असा की रोज जेवणारी माणसे तीच राहिली आणि महिनाअखेरचे पैसे बंद झाले. अनेकजण गावी परतले, उधारी इथेच राहिली. संपाच्या इतिहासात युनियन, मालक आणि सरकार यांच्यावर भरपूर लिहिले गेले. न फिटलेल्या त्या उधारीची नोंद खानावळीच्या वहीतच राहिली आणि वह्या बहुधा रद्दीत गेल्या.

खानावळींची जागा पुढे पोळी-भाजी केंद्रांनी घेतली. आज दादरच्या गल्ल्यांत ‘घरगुती’ ही पाटी दिसते, ती नोकरीवरून परतणाऱ्या स्त्रीसाठी. एका घरातल्या बाईचे लाटणे सुटले आणि दुसऱ्या घरातल्या बाईच्या हाती ते रोजगार म्हणून आले. पोळी गरम आहे का आणि मऊ आहे का, एवढेच आता विचारले जाते. लाटणारीचे आडनाव विचारले जात नाही, आणि हा बदल लहान नव्हे.

तो पूर्ण झाला असे मात्र म्हणवत नाही. ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीतला ‘शुद्ध’ अजूनही फक्त तेलातुपाविषयी बोलतो की आणखी कशाविषयी, हे प्रत्येक ठिकाणी तपासून पाहावे लागेल. मासे खाणाऱ्याला घर नाकारणाऱ्या सोसायट्या याच शहरात आहेत आणि तिथेही हाच शब्द वापरला जातो. म्हणून दादरच्या चांगल्या ठिकाणांची यादी करताना चवीच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने आखायला हवेत : हे रांधले कोणी आणि तिला त्याचे काय मिळाले, हा एक. इथे कोणाकोणाला बसता आले आणि कधीपासून, हा दुसरा. गोखले रोडपासून हिंदू कॉलनीपर्यंत जुन्या पाट्या अजून काही ठिकाणी शाबूत आहेत. दुकान हात बदलते तेव्हा सर्वांत आधी पाटी उतरते. ती उतरण्यापूर्वी कोणीतरी तिचा फोटो काढून ठेवला आणि गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला त्या दोन प्रश्नांपैकी एक जरी विचारला, तरी या इतिहासाचे पुढचे पान लिहायला साधन हाती येईल.