बोधक्षमता चाळणी चाचण्या : पक्षाघात-रुग्णांसाठी रूपांतर (हैदराबाद)

पक्षाघाताने हात लुळा पडला की घरच्यांना लगेच दिसतो. स्मरण, अवधान, हिशेब ढासळले तर पटकन ध्यानात येत नाही. ते तपासणाऱ्या छोट्या चाचण्या बहुतेक मूळच्या इंग्रजी, शिकलेल्यांसाठी बेतलेल्या. हैदराबादेत कोठीच्या बाजारात तेलुगू, उर्दू, हिंदी, मराठी सारेच चालते. तिथल्या रुग्णाला त्या जशाच्या तशा लावल्या, तर मेंदूऐवजी शाळाच मोजली जाते.

हरियाणातल्या बल्लभगडच्या निरक्षर वृद्धांसाठी बेतलेल्या हिंदी चाचणीने (1995) वाट दाखवली. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचायला न देता तपासनीस स्वतःच डोळे मिटतो आणि ‘माझ्यासारखे करा’ म्हणतो. साधीच युक्ती, पण नेमकी.

हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी स्थानिक भाषांत रूपांतरित केलेली ॲडनब्रुक्स चाचणी वापरून 608 पक्षाघात-रुग्ण अभ्यासले (2016). बोधक्षमता शाबूत राहिलेले द्विभाषिकांत 40.5 टक्के, एकभाषिकांत 19.6 टक्के निघाले. वाचाघाताच्या प्रमाणात मात्र फरक आढळला नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा बोधक्षमता चाचणीसंच पुढे हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये तयार झाला; या पहिल्या पाच भाषांत मराठी नव्हती.